नवमीच्या पूजेतला माउस

निशाची पाठ गेली ती ऐन गणपतीत आणि एका पाण्याच्या पिंपापायी. घरात पाहुणे, नळाला करंगळीएवढी धार, आणि भरलेलं पिंप मोरीतून स्वयंपाकघरात न्यायला दुसरं कुणी मोकळं नाही. बाईने पदर खोचला, पिंपाला मिठी मारली आणि जोर लावला. पिंप वीतभर हललं आणि निशाच्या मणक्यातली गादी सरकली. ती जी खाली बसली, ती पुन्हा आपल्या पायांनी उठलीच नाही. आरतीला जमलेल्या चार बाप्यांनी तिला उचलून पलंगावर ठेवलं.

डॉक्टरांनी पलंगावरची गादी काढायला लावली, तिथे लाकडी फळी आली. उताणं पडून राहायचं. बसायचं नाही, वळायचं नाही, मान तिरकी करून दाराकडे बघायचंसुद्धा नाही. हरेशने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, विचारलं, "कधीपर्यंत?" डॉक्टर म्हणाले, "दिवाळी तर जाऊ दे." सांगणाऱ्याचं काय जातं? त्यांना काही त्या फळीवर झोपायचं नव्हतं.

निशा होती सव्वीस वर्षांची, गव्हाण गावची लेक, पनवेलच्या कोळीवाड्यात दिलेली. सासू गुणाबाई मच्छी मार्केटात बसायची. पहाटे करंज्याच्या बंदरावर जाऊन माल उचलायचा, डोक्यावर पाटी घ्यायची आणि दुपारपर्यंत ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचा, हा तिचा तीस-पस्तीस वर्षांचा नेम. घरात आलेल्या सुनेने पाटी घ्यायची, हाही नेमच. निशाने तो मोडला होता. लग्नाआधीच ती कॉम्प्युटर शिकली होती आणि लग्नानंतर लाइन आळीत कमलाकरशेठच्या डीटीपीच्या दुकानात कामाला लागली होती. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतपेढ्यांचे अहवाल अशी पानं लावायचं काम. गुणाबाईने त्यावर कधी भांडण काढलं नाही, पण सून कुठे असते असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "जाते कुठं तरी पंख्याखाली बसायला."

आता पाठ गेल्यावर तर तिला आयतंच मिळालं. "पाटी उचलली असतीस तर कंबर लोखंडाची झाली असती. बसून बसून हाडं मऊ झाली तुजी." असं म्हणत ती निशाचं अंग पुसायची, भांडं द्यायची, वेणी घालायची, भात भरवायची. तोंड एका बाजूला चालू आणि हात दुसऱ्या बाजूला. निशाला त्या तोंडाचा राग यायचा आणि त्या हातांची लाज वाटायची, आणि दोन्ही एकदम वाटलं की ती छताच्या पत्र्याकडे बघत राहायची.

एक दिवस कमलाकरशेठ सफरचंदं घेऊन आले. खुर्चीच्या कडेवर टेकले. "टेन्शन घेऊ नकोस निशा. रेस्ट घे, पूर्ण रेस्ट. कामाचं मी बघतो काहीतरी. ती दिपा आहे ना, टायपिंगला ठेवलीय ती, तिला हळूहळू बसवू पानांवर."

निशा लहान नव्हती. मालक जेव्हा मधाळ आवाजात विश्रांती घे म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय होतो, हे तिला पुरतं कळत होतं. दिवाळीनंतर ती काठी टेकत दुकानात गेली असती आणि शेठ म्हणाले असते, अगं, आता दिपाचा हात बसलाय. आणि मग? पाटी तर आता जन्मात डोक्यावर घेता येणार नव्हती, डॉक्टरांनी तसं बजावलंच होतं. म्हणजे ना पाटी, ना पंखा. सव्विसाव्या वर्षी घरातली एक अडगळ होऊन राहायचं. ते तिला मान्य नव्हतं, अजिबात मान्य नव्हतं.

"शेठ, दिवाळी अंकाची पानं कोण लावणार?" तिने पत्र्याकडे बघतच विचारलं.

कमलाकरशेठची मान खाली गेली. पनवेलातल्या एका हौशी मंडळाचा तो अंक गेली काही वर्षं निशाच लावत होती. लेख-कविता सोप्या, खरी डोकेदुखी जाहिरातींची. कपडा बाजारातल्या एका दुकानदाराला आपली चौकट दुसऱ्याच्या वर हवी, मिठाईवाल्याला उजव्या पानावर हवी, एका डॉक्टरला दुसऱ्या डॉक्टरच्या समोरचं पान चालत नाही. हे सगळे रुसवेफुगवे निशाला पाठ होते. दिपा बिचारी पहिल्याच जाहिरातीत बुडाली असती.

"कॉम्प्युटर माझ्या घरी पाठवा," निशा म्हणाली. "मजकूर दिपा टाइप करू दे. पानं मी लावते. पडल्या पडल्या."

शेठ हसले. ती हसली नाही. शेवटी, नवमीच्या संध्याकाळपर्यंत फ्लॉप्या माझ्या हातात पडल्या पाहिजेत, दसऱ्याला सकाळी माणूस त्या घेऊन मुंबईला छापखान्यात जाणार, असं बजावून त्यांनी दुकानातला जुना कॉम्प्युटर पाठवून दिला. "जमलं तर तुझी जागा तुझी," जाता जाता म्हणाले. जमलं नाही तर काय, ते बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती.

कॉम्प्युटर आला आणि पहिल्याच दिवशी घोडं पेंड खाऊ लागलं. मान वळवायची नाही, म्हणजे पडदा समोरच हवा. समोर म्हणजे पायथ्याशी, टेबलावर. कीबोर्डची वायर गुंडाळीची, ती ताणली की पोटापर्यंत पोचायची. पण माउसची वायर कशीबशी गुडघ्यापर्यंत. हात गुडघ्यापर्यंत न्यायचा तर कंबर उचलायला हवी, आणि कंबर उचलली की डोळ्यांपुढे काजवे. हरेशने टेबल बाजूला आणून पाहिलं, तर मान वळायला लागली. टेबल पुढे सरकवलं, तर पडदा पायाच्या अंगठ्यांना टेकला आणि अक्षरं दिसेनात. माउसशिवाय पानं लावणं म्हणजे हात बांधून मासे साफ करणं. एवढीशी वायर, पण निशाची जागा तिच्यावर अडून राहिली होती.

निशाने त्या दिवशी जेवण परत पाठवलं. रडली मात्र नाही. हरेशला म्हणाली, "बिनवायरीचा माउस असतो. मी एका मासिकात बघितलाय. कुठूनही आण."

हरेश न्हावा-शेव्याला बंदरावर कामाला होता. पनवेलात साधा माउस मिळायची मारामार, तिथे बिनवायरीचा कोण ठेवतोय! पण बंदरावर जगभरातली जहाजं लागतात आणि जहाजावरच्या माणसांकडे काय नसतं? आठवडाभर तो दिसेल त्याला विचारत राहिला. अखेर एका जहाजावरचा वायरलेस ऑफिसर निघाला, कालिकतचा, कोळ्यासारखाच मासेखाऊ. त्याच्याकडे तसला माउस होता आणि त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर खाऱ्या हवेने कधीच राम म्हणाला होता. पैसे नको म्हणाला, सुरमई हवी म्हणाला. गुणाबाईच्या पाटीतली सगळ्यात देखणी सुरमई त्या दिवशी बंदरावर गेली. कशासाठी ते हरेशने आईला सांगितलं नाही. साहेबाला द्यायची आहे एवढंच म्हणाला, आणि ते काही खोटं नव्हतं.

माउस राखाडी, जाडजूड, पोटात पेन्सिल सेल घातल्यामुळे हाताला जड. सोबत साबणाच्या वडीएवढी एक डबी. तिची वायर कॉम्प्युटरला लावायची, डबी पलंगाच्या कडेला बांधायची, आणि माउस ठेवायचा हात असेल तिथे. निशाचा हात होता मांडीच्या शेजारी. हरेशने तिथे जेवायला बसायचा पाट ठेवला, पाटावर माउस ठेवला, आणि निशाने तो हलवला. समोर पडद्यावर बाण हलला. गणपतीपासून तिच्या हाताने केलेली ही पहिली गोष्ट. तिला इतका आनंद झाला की तिने तो बाण उगाचच पडदाभर गोल गोल फिरवला.

पण नव्याचे नऊ दिवस, तसं पुढे सगळं कष्टाचंच निघालं. डोळे पायथ्याशी आणि हात कुशीला, न बघता काम करायचं. बाण एका ओळीवर नेऊ जावं तर तो दुसऱ्याच कॉलमात घुसायचा. पाट जरा तिरका झाला की माउस आपोआप घसरायचा आणि मिठाईवाल्याची चौकट कवितेच्या अंगावर जाऊन बसायची. मनगट दुखायचं, खांदा भरून यायचा, वर धरून धरून मान अवघडायची. दुकानात जे पान ती चहाच्या दोन घोटांत लावायची, त्याला आता अख्खी सकाळ जायची. ती पुन्हा लावायची, पुसायची, परत लावायची. पाण्यात पडलं की हातपाय मारावेच लागतात, आणि तिला मारायला उरलेला होता एकच हात.

सेलही भराभर संपायचे. बाण अडखळायला लागला की समजायचं, आता माउसची भूक वाढली. एकदा हरेश घरी नसताना सेल संपले, तेव्हा तिने शेजारच्या गंगाबाईला गोड बोलून गुणाबाईच्या ट्रान्झिस्टरमधले काढून घेतले. संध्याकाळी ट्रान्झिस्टर मुका. गुणाबाईने झाकण उघडून बघितलं, मग सुनेच्या हाताखालच्या माउसकडे बघितलं, आणि म्हणाली, "आमच्या गान्यावर जगतो काय हा तुजा उंदीर?"

गंगाबाईने तेवढ्यात काम केलंच. कोळीवाड्यात आजाऱ्याला बघायला जाणं हा एक सोहळाच असतो, आणि बघून आल्यावर काय बघितलं ते सांगणं हा त्याहून मोठा. गुणाबाईची सून दिवसभर पडून टीव्ही बघते, हातात खेळणं घेऊन बसते, आणि म्हातारी बिचारी पाटी वाहून वर तिचं हगणंमुतणं काढते, असं मार्केटभर झालं. गुणाबाईने ते मार्केटात ऐकून घेतलं आणि घरी येऊन ओकलं.

"लोकं हसतात मना. म्हनतात, सुनेला खेलनं आनून दिलंय."

"खेळणं नाही आई, काम आहे ते."

"काम? घाम येत नाय, पाय दुखत नाय, ते कसलं गो काम?"

उत्तर देण्यात निशाचा जो वेळ गेला असता त्यात एक जाहिरात बसली असती. तिने दात आवळले आणि बाण पुढच्या चौकटीवर नेला. गुणाबाई मात्र गेली नाही. पायथ्याशी उभी राहून ती बराच वेळ बघत होती. पडद्याकडे नाही, सुनेच्या कपाळाकडे. पंखा चालू होता, आणि तरी निशाच्या कपाळावरून घामाची धार कानामागे उतरत होती. गुणाबाईने पदराने तो घाम पुसला आणि चुलीकडे गेली.

दसरा जवळ आला तशी पानं भरत आली. जुना वायरीचा माउस तोवर शेठनी परत मागून घेतला होता, दुकानातला बिघडला म्हणून. त्यांचा निरोप सोबत आला की दिपा बरी शिकतेय, सध्या तुझ्याच जागी बसते. निरोप आणणारा साधेपणाने बोलला, पण निशाला तो लागायचा तिथे लागला. त्या दिवसापासून ती पाठीच्या कळेची गोळी घ्यायचं टाळू लागली, कारण गोळीने झोप यायची.

नवमीच्या सकाळी अंकाची शेवटची थोडी पानं आणि मलपृष्ठ तेवढं राहिलं होतं. दुपारपर्यंत हातावेगळं होईल असा तिचा हिशेब. पण कळ अशी निघाली की डोळ्यांत पाणी आलं. जरा वेळच, असं म्हणून तिने गोळी घेतली, आणि तिला झोप लागली.

जाग आली तेव्हा उदबत्तीचा वास घरभर होता. तिने सवयीने हात पाटावर टाकला. पाट रिकामा.

मान वळवायची नाही हे ती विसरली. तिने मान वळवली. देव्हाऱ्याखाली गुणाबाईने खंडेनवमीची पूजा मांडली होती. पाटावर लाल फडकं, त्यावर घरातली सगळी हत्यारं ओळीने. मासे कापायचा कोयता, जाळं विणायची सुई, हरेशचे पाने आणि पकड, गुणाबाईची तागडी आणि वजनं. आणि तागडीला लागून, धुऊन पुसून, हळदीकुंकवाने माखलेला, डोक्यावर झेंडूचं फूल घेतलेला निशाचा माउस.

"आई!" निशा अशी किंचाळली की गुणाबाई हातातलं ताट घेऊनच धावत आली. "आई, तो धुतलात? पाण्याने धुतलात?"

"मग काय? सगल्यांना आंघोळ घातली. घामट हाताचा तसाच पूजेत ठेवायचा काय?"

"वाटोळं केलंत माझं! आज संध्याकाळी पानं द्यायची आहेत आई, आज! पाणी गेलं तर मेला तो! कशाला हात लावलात? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

गुणाबाईचा चेहरा पडला. मार्केटात हवालदाराला शिव्या घालणारी बाई, पण आता ताट खाली ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, "घरातल्या सगल्यांची हत्यारं मांडली. तुजं तेवडं नको मांडू? माज्या तागडीच्या बाजूला ठेवलं."

या घरात आल्यापासून निशा ज्या शब्दासाठी झुरली होती, तो असा मिळाला. पंख्याखाली बसणं नाही, खेळणं नाही, हत्यार. तेही सासूच्या तागडीच्या शेजारी. तिला सासूच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पण गळ्यात पडायला उठता येत नव्हतं आणि रडायला वेळ नव्हता.

"आई, मला तो द्या," ती म्हणाली.

"पूजेतलं हत्यार आज उचलत नाय निशा. उद्या दसऱ्याला उठतं. माजी तागडी पन आज बंद हाय, बघतेस ना? आमच्यात कोनी आज होडी पन हानत नाय."

"मला ठाऊक आहे. मी पण कोळ्याचीच मुलगी आहे. तरी द्या. उद्या उचलला तर तो फक्त पूजेचाच राहील. माझी जागा गेलेली असेल. तुम्ही त्याला हत्यार म्हणालात ना, मग त्याला आज कामाला लागू दे."

गुणाबाई देव्हाऱ्याकडे बघत उभी राहिली. तिच्या मनात काय चाललंय ते निशाला दिसत होतं. या घरात नवमीचं हत्यार कधी कुणी उचललं नव्हतं. सासरा तापाने फणफणलेला असतानासुद्धा औषधाची मुळी कापायला शेजारचा कोयता आणला होता म्हणे. निशाने हात पुढेच धरून ठेवला. मागायचं ते मागून झालं होतं, आणि मागे घ्यायचं नव्हतं.

"खुंट्याची होडी सुटून चालली," गुणाबाई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "त नवमी हाय म्हनून काय कोनी काठावर उभा रहात नाय." तिने हात जोडले. "आई एकवीरे, पोरीची होडी सुटली गो. माफ कर." आणि माउस उचलून तिने निशाच्या हातात दिला.

सेल काढले तर आतून थेंब ठिबकले. निशा म्हणाली, उन्हात ठेवा. गुणाबाईने तो तिच्या हातातून काढून घेतला. "उन्हात करपेल. वाऱ्यावर ठेवायचा असतो, माशासारका." मागच्या दारी खाडीवरून वारा येतो तिथे, बोंबील वाळवायच्या दोरीखाली तिने तो सूप उपडं घालून त्यावर ठेवला आणि मांजर येऊ नये म्हणून स्वतः राखत बसली. फळीवर निशा पत्रे मोजत पडली. असा वेळ शत्रूलासुद्धा काढायला लागू नये.

सुकल्यावर सेल घालून माउस पाटावर ठेवला, हलवला. बाण हलला! पण नुसता आडवा. डावीकडे उजवीकडे छान पळायचा, वर-खाली जाईना. निशाने माउस तोंडावर धरून उघडला, आतली गोळी गालावर पडून पलंगाखाली घरंगळली. गुणाबाई या वयात पलंगाखाली शिरली. आत दोन बारीक दांडे असतात, गोळी त्यांना फिरवते. एका दांड्याला हळदीचा लगदा आणि त्यात घट्ट रुतलेला एक तांदळाचा दाणा, अक्षतांतला. निशाने केसांतला आकडा काढला, दोन्ही हात वर धरून हळद खरवडली, दाणा उपसला. डोळ्यांत हळद गेली ती गेलीच. गोळी घालून झाकण लावलं, आणि बाण सरळ वर गेला, पडद्याच्या टोकापर्यंत.

मग ती जी लागली कामाला. कळ होती, डोळे चुरचुरत होते, हाताला हळदीचा वास येत होता. तिने मिठाईवाल्याला उजव्या पानावर बसवलं, दोन डॉक्टरांच्या मध्ये एक कविता घातली, मलपृष्ठाची चौकट केसाएवढीसुद्धा हलू दिली नाही. गुणाबाई पाट धरून बसली होती, तिरका होऊ नये म्हणून. तिला पडद्यावरचं काही कळत नव्हतं. पण निशाचा श्वास अडकला की तीही श्वास धरायची. उन्हं कलली तेव्हा शेवटचं पान फ्लॉपीवर उतरलं.

आणि हरेशचा पत्ता नाही. बंदरावर जहाज लागलं होतं, पाळी वाढली होती, तसा फोन वाण्याकडे आल्याचं गंगाबाईच सांगून गेली.

"मी नेते," गुणाबाई म्हणाली. तिने फ्लॉप्या प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या, पिशवी पोलक्यात खोवली, पायात चपला सरकवल्या. "कंच्या दुकानात जायचं ते सांग."

ती गेली आणि घर गप्प झालं. निशाला पत्र्यावरचं ऊन लाल होताना दिसत होतं. आपण शेजारची एखादी शिकलेली मुलगी पाठवायची सोडून म्हातारीला पाठवलं, ती फ्लॉप्या कुणाच्या हातात देईल, शेठ काय बोलतील, या विचारांनी तिचा जीव खालीवर होत राहिला. दिवेलागण झाली. वाटेवर पोरांचा गलका ऐकू आला, कुणीतरी मोठ्याने हसलं, आणि दार ढकलून गुणाबाई आत आली.

तिच्या डोक्यावर खुर्ची होती. चुंबळीवर नीट तोललेली, चाकं आभाळाकडे केलेली, लाल रेक्झिनची गोल फिरणारी खुर्ची. दुकानात निशा बसायची तीच.

"आई, हे काय?"

गुणाबाईने खुर्ची उतरवली, चुंबळ सोडून मानेचा घाम पुसला. "गेले मी. ती पोर बसली होती हिच्यावर. मी शेठला म्हटलं, निशाची जागा हीच ना? म्हनाला, हो हो, तिचीच, ती आली की बघू. बघू म्हनाला. बघू म्हननारं गिऱ्हाइक मना चांगलं ठाव हाय. मी म्हटलं, पयलं बोल, मग माल. फ्लॉप्या काय पोलक्यातनं काढल्याच नाय."

"मग?"

"मग काय, माल त त्याला आजच पायजेल. चार मानसांसमोर बोलला, दिवाळीनंतर जागा निशाची, पगार चालू. पन तोंडाचा बोल मच्छीसारका, सकाळी ताजा नि सांजेला वास मारतो. आमच्या धंद्यात बोल राकायला ऐवज ठेवून घेतात. गिऱ्हाइकाची पाटी ठेवतो आमी. त्याच्याकडं पाटी नव्हती, म्हनून ही आनली."

"आणि दिपा?"

"ती आपनच उठली. बरी हाय पोर. शेठ म्हनाला, मावशे, आता ती कशावर बसेल? मी म्हटलं, स्टूल दे. स्टुलावर पावनी बसते."

निशा हसायला लागली आणि हसताना पाठीतून अशी कळ गेली की हसता हसताच रडायला लागली. तिला थांबताच येईना. लाइन आळीपासून कोळीवाड्यापर्यंत, अख्ख्या बाजारातून, नवमीच्या गर्दीतून, मार्केटातल्या सगळ्या बायकांच्या समोरून ही बाई खुर्ची डोक्यावर घेऊन चालत आली होती.

"लोक हसले असतील आई."

"हसले. एकीने इचारलं पन, गुणाबाई, हे काय गो डोक्यावर?" तिने खुर्ची ओढून पलंगाला लावली. चाकं फरशीवर घरंगळली तशी ती दचकली, फळीला धरून सावरली, आणि मग बेताने तिच्यावर बसली. दुखरे पाय पुढे पसरले.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगनार? म्हटलं, सुनेची पाटी."